रेघ कोणी मारायची?

४ जुलै २०२५ ला पहाटे टेक्सासमधल्या ग्वाडालूप नदीला पूर आला. अंधारात पाऊण तासात पाणी वीस फुटांहून जास्त चढलं. केर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नदीकाठी मुलींचं एक उन्हाळी शिबिर होतं. तिथे झोपलेल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया मिळून २७ जणी गेल्या. राज्यभरातला मृतांचा आकडा १३० च्या पुढे गेला. नदीकाठी धोक्याचे भोंगे का नव्हते, हा प्रश्न पुढचे कित्येक दिवस टेक्सासमधलं प्रत्येक घर विचारत होतं.

गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी बोलावलेलं विधिमंडळाचं खास अधिवेशन २१ जुलैला सुरू झालं. विषयपत्रिकेवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा होती, पूरग्रस्तांची मदत होती. त्याच पत्रिकेवर आणखी एक विषय होता: वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीगृहासाठी (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) टेक्सासमधून जे ३८ सदस्य निवडून जातात, त्यांच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणं.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यानंतर सीमा बदलतात. टेक्सासने त्या २०२१ साली बदललेल्याच होत्या, आणि त्या आखणारा पक्षही अ‍ॅबट यांचाच, रिपब्लिकन. त्या नकाशावर दोनच निवडणुका झाल्या होत्या आणि ३८ पैकी २५ जागा त्यांच्याकडे होत्या. मधल्या काळात ना जनगणना झाली होती ना राज्याची हद्द बदलली होती. बदलली होती ती वॉशिंग्टनमधली गरज. २०२४ च्या निवडणुकीत ४३५ जणांच्या प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन २२० आणि डेमोक्रॅट २१५ असा निकाल लागला होता. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या की बहुमत गेलं. ३ नोव्हेंबर २०२६ ची मध्यावधी निवडणूक (राष्ट्राध्यक्षाची मुदत अर्धी झाली की ठरल्याप्रमाणे होणारी) समोर दिसत होती, आणि मध्यावधीत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला फटका बसतो हा तिथला जुना अनुभव. म्हणून डोनाल्ड ट्रम्प यांनी टेक्सासकडे पाच जागा मागितल्या. उघडपणे, दूरचित्रवाणीवर, आपला त्यांच्यावर हक्कच आहे असं सांगत.

मृतांचे अंत्यविधी चालू असताना ज्या सभागृहाला पुराचा विचार करायला बोलावलं, त्याच सभागृहाला त्याच बैठकीत पाच जागा मिळवून द्यायला सांगणं मला लाजिरवाणं वाटलं. आजही वाटतं. आणि त्या गोष्टीबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच बोललं गेलं नाही, याचीही खंत आहे. मराठी वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत अमेरिकेची बातमी म्हणजे ट्रम्प काय म्हणाले, आयातशुल्क किती वाढवलं, व्हिसाचं काय होणार, आणि निवडणूक जवळ आली की कोण पुढे, कोण मागे. निवडणुकीचा मोठा भाग मतदानाच्या कितीतरी महिने आधी, बंद खोलीत संगणकासमोर उरकलेला असतो, ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

ही कारागिरी समजायला अवघड नाही. पाच मतदारसंघ धरा, प्रत्येकी १०० मतदारांचे. एकूण ५०० पैकी २६० एका पक्षाचे, २४० दुसऱ्याचे. न्यायाने पहिल्या पक्षाला तीन जागा मिळाव्यात. आता रेघ दुसऱ्या पक्षाच्या हातात द्या. तो पहिल्या पक्षाचे ८० मतदार एकाच मतदारसंघात कोंबेल आणि ती जागा त्यांना देऊन टाकेल. उरलेले १८० तो चार मतदारसंघांत फोडून वाटेल, प्रत्येकी ४५. चारही ठिकाणी ५५ विरुद्ध ४५. अल्पमतातल्या पक्षाला पाचातल्या चार जागा, आणि कुठेही एकसुद्धा बोगस मत पडलेलं नाही, एकही यंत्र बिघडलेलं नाही, कोणाला पैसे वाटलेले नाहीत. कोंबणे आणि फोडणे, एवढ्या दोनच क्रिया. पूर्वी त्या अंदाजाने चालत. आता कोणत्या वस्तीने मागच्या दहा निवडणुकांत कसं मत दिलं, हे सगळं संगणकात असतं आणि तासाभरात शेकडो नकाशे तयार होतात.

टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. डेमोक्रॅटांना मत देणारं शहर, कित्येक दशकं त्याचा स्वतःचा एक प्रतिनिधी होता. २०२२ साली तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने शहराची काउंटी तीन तुकड्यांत फोडली आणि प्रत्येक तुकडा दूरवरच्या ग्रामीण भागाला जोडला. तिन्ही जागा रिपब्लिकनांच्या झाल्या. तिथले जुने खासदार जिम कूपर यांनी निवडणूक लढवलीच नाही, कारण लढवायला मतदारसंघच उरला नव्हता. आज नॅशव्हिलमधल्या माणसाला वाहतुकीची, घरभाड्याची, शाळेची तक्रार वॉशिंग्टनला न्यायची असेल तर तीन प्रतिनिधी आहेत, आणि तिघांनाही निवडून येण्यासाठी त्याच्या मताची गरज नाही.

नॉर्थ कॅरोलायनातलं उदाहरण मला जास्त लागतं. ग्रीन्सबरो गावात कृष्णवर्णीयांचं एक मोठं विद्यापीठ आहे, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी. १ फेब्रुवारी १९६० ला याच संस्थेतले चार विद्यार्थी गावातल्या दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. गोऱ्यांसाठी राखलेल्या त्या जागेवर बसून त्यांनी कॉफी मागितली आणि उठायला नकार दिला. त्यातून देशभर सत्याग्रहाची लाट उठली. २०१६ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने जो नकाशा केला, त्यात मतदारसंघाची रेघ त्या विद्यापीठाच्या आवारातून गेली. काही वसतिगृहं एका मतदारसंघात, काही दुसऱ्यात. एका वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांचे प्रतिनिधी वेगळे, आणि दोन्हीकडे त्यांची संख्या बिनकामाची. काउंटरवरून ज्यांना उठवता आलं नाही, त्यांच्या पुढच्या पिढीला कागदावर दोन भागांत वाटलं. तो नकाशा करणाऱ्यांपैकी एका नेत्याने समितीसमोर सांगितलं होतं की १३ पैकी १० जागा रिपब्लिकनांना मिळाव्यात असाच नकाशा करू, कारण ११ मिळवून देणारा नकाशा करता येईल असं वाटत नाही.

याच राज्याचे पुढचे आकडे पाहा. हे राज्य दोन पक्षांत जवळजवळ समसमान वाटलेलं आहे. २०२२ साली न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या नकाशावर मतदान झालं आणि १४ जागांची वाटणी ७-७ झाली. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं बहुमत बदललं, न्यायालयाने आपलाच आधीचा निर्णय फिरवला, विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि २०२४ साली वाटणी १०-४ झाली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना निवडलं होतं. म्हणजे लोकांचं मन एकतर्फी फिरलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाने पुन्हा रेघा हलवल्या, आता लक्ष्य ११-३. स्टाइन यांना काही करता आलं नाही, कारण त्या राज्यात गव्हर्नरला नकाशावर नकाराधिकारच नाही.

हा रोग जुना आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशाच एका नकाशाच्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ सरड्यासारख्या सॅलमँडर नावाच्या प्राण्यासारखा वळसे घेत गेला होता. बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याचं व्यंगचित्र छापलं आणि ‘जेरीमँडर’ हा शब्द जन्माला आला. गेरी हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, पुढे उपराष्ट्राध्यक्षही झाले. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो हा शब्द.

या खेळाचा खरा तोटा जागा इकडून तिकडे जाण्यात आहे असं मला वाटत नाही. तो पुढे सुरू होतो. मतदारसंघ एका पक्षासाठी पक्का केला की नोव्हेंबरच्या मतदानाला अर्थ उरत नाही. ४३५ पैकी खरोखर चुरशीच्या लढती जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या जागांवर होतात. बाकीच्या ठिकाणी निकाल ठरतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आतल्या निवडणुकीत. आणि प्रायमरीला येतात कोण? साधारण पाच मतदारांतला एक. त्यात कट्टर जास्त. त्यामुळे निवडून आलेल्या माणसाला भीती समोरच्या पक्षाची नसते, स्वतःच्या पक्षातल्या जास्त कडव्या माणसाची असते. तडजोड करणारा माणूस तिथे गद्दार ठरतो.

याचा चटका महाराष्ट्रातल्या घरांनाही बसलेला आहे. जून २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, स्थलांतराच्या कायद्यातल्या मोठ्या सुधारणेचं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. दोन्ही पक्षांनी मिळून. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर दर देशासाठी जी मर्यादा आहे ती त्यात काढून टाकायची होती. पुण्या-नाशिकहून गेलेले हजारो इंजिनिअर याच मर्यादेमुळे वर्षानुवर्षं रांगेत आहेत. तिथे वाढलेली त्यांची मुलं २१ वर्षांची झाली की आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याची टांगती तलवार असते. विधेयक प्रतिनिधीगृहात जायचं होतं. जून २०१४ मध्ये तिथले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. प्रतिस्पर्धी जवळजवळ अनोळखी, आणि त्याचा प्रचाराचा मोठा मुद्दा स्थलांतराला विरोध. सात लाखांहून जास्त वस्तीच्या, रिपब्लिकनांसाठी पक्क्या असलेल्या त्या मतदारसंघात मतं पडली सुमारे ६५ हजार. त्यानंतर त्या विधेयकाला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. प्रतिनिधीगृहात ते मतदानाला आलंच नाही. ते बुडण्याचं हे एकमेव कारण नव्हतं, पण शेवटचा घाव हाच होता. आपल्या माणसांनी व्हिसाच्या बातम्या वाचताना ट्रम्प काय म्हणाले एवढंच पाहू नये, असं मी म्हणतो ते म्हणूनच. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तीस वर्षं हे काम का करत नाही, याचं एक उत्तर नकाशात आहे. डेमोक्रॅट यातून सुटलेले नाहीत. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे वरिष्ठ नेते जो क्राउली असेच प्रायमरीत पडले. मला त्यांना हरवणाऱ्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्या अनेक भूमिका पटतात, पण ती जागाही मोजक्या मतदारांनीच ठरवली, हे मान्य केलं पाहिजे.

मग न्यायालय काय करतं? १९६२ आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच क्षेत्रात मोठं काम केलं. टेनेसीने १९०१ पासून सीमाच बदलल्या नव्हत्या आणि खेड्यातल्या एका मताचं वजन शहरातल्या मताच्या कितीतरी पट झालं होतं. न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असली पाहिजे हे तत्त्व रुजवलं. पण २७ जून २०१९ ला, नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँड या दोन राज्यांच्या खटल्यांत (एक रिपब्लिकनांचा नकाशा, एक डेमोक्रॅटांचा), त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हात झटकले. पक्षीय लाभासाठी केलेले नकाशे अन्यायकारक वाटू शकतात हे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात मान्य केलं, पण किती पक्षपात म्हणजे फार, हे मोजायचं प्रमाण केंद्रीय न्यायालयांकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. राज्यांनी पाहावं, काँग्रेसने पाहावं. म्हणजे ज्यांनी कुंपण हलवलं, त्यांच्याकडेच मोजणीचा अर्ज करायचा. हा निकाल चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने एक सोयीची पळवाटही तयार केली. वंशाच्या आधारावर नकाशा करायला बंदी आहे, पक्षाच्या आधारावर नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदार प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटांना मत देतो. मग त्याची वस्ती फोडायची आणि म्हणायचं, आम्ही माणसाचा रंग पाहिला नाही, फक्त त्याचा पक्ष पाहिला.

टेक्सासमध्ये हेच झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नासहून जास्त डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून निघून गेले, म्हणजे गणपूर्ती होणार नाही. दिवसाला ५०० डॉलर दंड सोसत दोन आठवडे ते बाहेर राहिले, पण शेवटी परतावं लागलं. २९ ऑगस्टला अ‍ॅबट यांनी नकाशावर सही केली. १८ नोव्हेंबरला एल पासोच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो २ विरुद्ध १ मतांनी रोखला. निकाल लिहिणारे न्यायाधीश जेफ्री ब्राउन, ट्रम्प यांनीच नेमलेले. यात वंशाचा आधार घेतल्याचा पुरावा ठोस आहे, असं त्यांनी लिहिलं. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि नवा नकाशा निवडणुकीसाठी मोकळा केला.

इथवर मी बहुतेक दोष रिपब्लिकनांच्या पदरात टाकला आहे. २०२५ चं हे सत्र त्यांनी सुरू केलं, राष्ट्राध्यक्षाच्या हुकमावरून केलं, यात मला शंका नाही. पण टेक्सासचे ते आमदार आसऱ्याला गेले कुठे? इलिनॉयला. तिथे १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांकडे आहेत, आणि २०२४ साली त्या राज्यात ट्रम्प यांना ४३ टक्क्यांहून जास्त मतं होती. तिथला नकाशा डेमोक्रॅटांनीच केलेला, आणि तो पाहिला की पक्षाचा हात लगेच दिसतो. न्यायाची बाजू घेऊन उभं राहायला त्यांनी निवडलेली जागा चुकीची होती, हे त्यांच्या बाजूच्या माणसांनी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटांच्या आहेत असंही रिपब्लिकन दाखवतात. तो आरोप तितका खरा नाही. तिथे रिपब्लिकन मतदार राज्यभर इतके विखुरलेले आहेत की त्यांच्या बहुमताचा मतदारसंघ काढणंच कठीण. सगळ्या विषम निकालांमागे डाव असतो असं नाही. पण इलिनॉयमागे आहे.

आता कॅलिफोर्निया. माझ्या ओळखीतल्या अनेक मराठी मंडळींशी माझा वाद होतो तो यावरच. तिथल्या लोकांनी २००८ आणि २०१० साली मतदानाने ठरवलं की सीमा राजकारणी आखणार नाहीत, १४ नागरिकांचा आयोग आखेल. त्यासाठी तेव्हा झटले होते रिपब्लिकन गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर. देशातला तो एक चांगला प्रयोग होता. टेक्सासचा डाव दिसल्यावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी प्रस्ताव क्रमांक ५० मांडला: २०३० पर्यंत आयोगाचा नकाशा बाजूला ठेवायचा आणि डेमोक्रॅटांना पाच जागा जास्त मिळतील असा नवा वापरायचा. ४ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे ६४ टक्के मतांनी तो मंजूर झाला.

त्याच्या बाजूचा युक्तिवाद मला कळतो. समोरचा शस्त्र उचलत असताना आपण हात बांधून उभं राहायचं का? आणि न्यूसम यांनी निदान लोकांना विचारलं, टेक्सासने तेही केलं नाही. हा फरक खरा आहे, मोठाही आहे. तरी मी त्या प्रस्तावाच्या विरोधात आहे. नव्या नकाशात राज्याच्या उत्तर-पूर्व टोकाचा मोडॉक, गुरं पाळणाऱ्यांचा विरळ वस्तीचा डोंगरी मुलूख, गोल्डन गेट पुलापलीकडच्या श्रीमंत मरीन काउंटीला जोडला गेला. मोडॉकमधल्या शेतकऱ्याने टेक्सासमध्ये काहीही केलेलं नाही. ह्यूस्टनमधल्या मतदारावर झालेल्या अन्यायाची भरपाई त्याच्या खिशातून करून ह्यूस्टनच्या मतदाराला काय मिळालं? त्याचा प्रतिनिधी परत आला नाही. मिळालं ते पक्षाला. वॉशिंग्टनमधल्या दोन पक्षांचा हिशेब पाचाला पाच असा चुकता झाला, आणि तो चुकवण्यासाठी दोन राज्यांतले लाखो लोक बिनमहत्त्वाचे झाले.

‘सुरुवात त्यांनी केली’ या वाक्याला तळ नाही. डेमोक्रॅट २०२५ दाखवतील. रिपब्लिकन इलिनॉय दाखवतील. डेमोक्रॅट २०१० दाखवतील, जेव्हा रिपब्लिकनांनी ठरवून राज्यांची विधिमंडळं जिंकली, नकाशे केले, आणि २०१२ साली देशभरात डेमोक्रॅटांना सुमारे १४ लाख मतं जास्त पडूनही प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०१ असं बहुमत मिळवलं. त्याआधी २००३ साली टेक्सासमध्येच असाच मध्येच नकाशा बदलला गेला आणि तेव्हाचे डेमोक्रॅट आमदार ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावी जाऊन राहिले होते. त्याच्या आधी टेक्सासचा नकाशा डेमोक्रॅटांचा होता, तोही स्वच्छ नव्हता. भावकीच्या बांधाच्या भांडणासारखं हे आहे. प्रत्येक पिढीकडे आधीच्या पिढीची एक तक्रार असते, आणि दरवेळी बांध थोडा सरकतो.

स्वतंत्र आयोग हा उपाय आहे का? आहे, पण त्यालाही घाम गाळावा लागतो, आणि मराठी वाचकाला हे ज्या उदाहरणातून कळेल ते मिशिगनमध्ये आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही नावाच्या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, हे नकाशांचं प्रकरण मला बदलायचंय, कोण येतंय? त्यातून चळवळ झाली, लाखो सह्या जमल्या आणि २०१८ साली राज्यघटनेतली दुरुस्ती ६१ टक्के मतांनी मंजूर झाली. १३ जणांचा आयोग, अर्ज केलेल्या सामान्य नागरिकांतून चिठ्ठ्या काढून निवडलेला: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. २०२२ साली त्यांच्या नकाशावर निवडणूक झाली. डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. जिंकले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, सुमारे २८ टक्के मतांवर. आपल्याकडे आनंद झाला, मलाही झाला. पण तिकडे दुसरी बाजू होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटमधून १९५० च्या दशकापासून पहिल्यांदाच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला नाही. तो दुखावा खरा होता, आणि आपण टाळ्या वाजवताना तो ऐकला नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने राज्य विधिमंडळाचे डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ रद्द केले (ठाणेदारांचा त्यात नव्हता), कारण आयोगाने तिथे रेघा मारताना वंशाला अवास्तव महत्त्व दिलं होतं.

आयोग फसला, असं यावर काही जण म्हणतात. मी उलट म्हणतो. चूक झाली ती उघड्या बैठकीत झाली, लोकांना दिसली, न्यायालयात नेता आली, आणि त्याच आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा लोकांसमोर बसून नकाशा दुरुस्त केला. त्यात कोणाची सत्ता टिकवायची नव्हती म्हणून दुरुस्त करता आला. आयोवात तर १९८० पासून विधिमंडळाच्या सेवेतले कर्मचारी नकाशे करतात, आणि विद्यमान आमदार कुठे राहतो हे पाहायचीही त्यांना मनाई आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपली प्रभाग रचना येत होती, ते सांगितलं पाहिजे. लोकसभा आणि विधानसभेच्या सीमा आपल्याकडे परिसीमन आयोग आखतो, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याच्या प्रमुखपदी असतात, आणि राज्यातल्या सत्ताधाऱ्याच्या हाती पेन्सिल नसते. अमेरिकेपेक्षा ही व्यवस्था कितीतरी चांगली आहे. पण महापालिकांचं काय? मुंबईचे २२७ प्रभाग महाविकास आघाडीने २३६ केले, सरकार बदललं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ झाले. इतर शहरांत २०१२ साली प्रभागात दोन नगरसेवक होते, २०१७ साली चार, मग तीन ठरले, मग पुन्हा चार. मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारं विधेयक विधिमंडळाने एकमताने मंजूर केलं. एकमताने! ज्या पालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली, त्यांची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. आमच्या घराचा पत्ता चाळीस वर्षं तोच आहे, प्रभाग मात्र दर निवडणुकीला वेगळा. आमच्या गल्लीच्या एका बाजूचा नगरसेवक एक आणि समोरच्या बाजूचा दुसरा, असंही एकदा झालं. तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे करायची हे आईला समजावून सांगता सांगता पाच वर्षं संपली. म्हणून ग्रीन्सबरोच्या त्या आवारातली रेघ मला परक्या देशातली वाटत नाही.

अमेरिकेत राज्याराज्याने हे सुटणार नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिलं. एका राज्याने आयोग नेमला आणि शेजाऱ्याने नेमला नाही, तर नेमणाऱ्याला मूर्ख ठरवायला वेळ लागत नाही. त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात काँग्रेसला हे नियम बदलण्याचा अधिकार दिलेला आहे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी हा नियम तिने १९६७ साली कायद्यानेच केला. सगळ्या राज्यांत स्वतंत्र आयोग आणणारं विधेयक मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात २२० विरुद्ध २१० मतांनी मंजूर झालं, रिपब्लिकनांचं एकही मत त्याला नव्हतं, आणि सिनेटमधल्या ६० मतांच्या अटीपुढे ते अडकलं. जानेवारी २०२२ मध्ये ती अट शिथिल करायचा प्रयत्न झाला तेव्हा दोन डेमोक्रॅट सिनेटरांनी साथ दिली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी केव्हिन कायली यांनी जनगणनेच्या मध्येच नकाशे बदलायला देशभर बंदी घालणारं विधेयक आणलं. त्यांचा स्वतःचा मतदारसंघ धोक्यात होता हे खरं, पण विधेयक योग्य होतं. त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाने ते २०२५ संपेपर्यंत मतदानाला येऊ दिलं नाही, आणि डेमोक्रॅटांनी ते उचलून धरायची संधी घालवली.

दबावापुढे कोणी उभं राहतच नाही असं नाही. इंडियानात नऊपैकी सात जागा रिपब्लिकनांकडे आहेत. ट्रम्प यांना नऊच्या नऊ हव्या होत्या. नव्या नकाशात इंडियानापोलिस शहराचे चार तुकडे करायचे होते. राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने होकार दिला. राज्याच्या सिनेटमध्ये ५० पैकी ४० सदस्य रिपब्लिकन. उपराष्ट्राध्यक्ष येऊन बोलून गेले होते. विरोध करणाऱ्यांविरुद्ध प्रायमरीत माणसं उभी करू, असं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी बजावलं होतं. काही सिनेटरांच्या घरी खोट्या तक्रारीवरून सशस्त्र पोलीस पाठवण्याचे प्रकार झाले, धमक्या आल्या. ११ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. नकाशाच्या बाजूने १९, विरोधात ३१. त्या ३१ मध्ये रिपब्लिकन २१ होते. त्या दिवशी इंडियानापोलिसचे चार तुकडे झाले नाहीत.